वाढ मोजता, तर मुक्कामही मोजा

प्रति,
मा. केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : समुद्री शेवाळ, शेतातला जैवभार आणि कार्बनचा खरा हिशेब

माननीय मंत्रिमहोदय,



हे पत्र मी तेलंगणातल्या मुधोळहून लिहिते आहे. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे काळी जमीन आहे, कापूस आहे, सोयाबीन, तूर, हरभरा आहे आणि बासरला भेटणारी गोदावरी आहे. तरीही पत्र समुद्री शेवाळाविषयी आहे, कारण ते शेवाळ आता आमच्या बांधापर्यंत आले आहे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर त्याच्या अर्काच्या बाटल्या असतात. कापसाला पाते लागले की फवारणीच्या पंपात तो अर्क पडतो. आणि अलीकडे या शेवाळासोबत एक मोठे आश्वासनही येऊ लागले आहे : हे झपाट्याने वाढते, कार्बन शोषते, त्यामुळे तापणाऱ्या पृथ्वीवरचा हा हुकमी इलाज आहे.

मी शेती करते आणि वर्षानुवर्षे मुलांना विज्ञान शिकवत आले आहे. या आश्वासनातला काही भाग खरा आहे आणि तो मोलाचा आहे. काही भाग मात्र घाईचा आहे. देशाने खरे आणि घाईचे वेगळे करावे, आणि जी फूटपट्टी समुद्रातल्या शेवाळाला लावाल तीच आमच्या शेतातल्या कापसाच्या वाळक्या काड्यांना, म्हणजे पऱ्हाट्यांनाही लावावी, एवढे सांगण्यासाठी हे खुले पत्र.

पत्र मराठीत का, हेही सांगते. मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत त्याची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. २०१४ला आम्ही तेलंगणात आलो आणि २०१६ला आमचा जिल्हा निर्मल झाला. कार्यालयाची भाषा बदलली, घरातली मराठी राहिली. सीमेवर राहणाऱ्यांना एक अनुभव पक्का असतो : आपले काम दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत अडकते. कार्बनचेही तेच होताना दिसते. शेवाळाची शेती मत्स्यव्यवसाय खात्याकडे, त्याच्या अर्काची बाटली कृषी खात्याकडे, कार्बन क्रेडिटचा बाजार ऊर्जा खात्याकडे, आणि शेतात जळणाऱ्या पऱ्हाट्या कुणाकडेच नाहीत. हवा मात्र एकच आहे आणि ती आपल्या मंत्रालयाच्या नावात आहे. म्हणून आपल्याला लिहिते.

आधी शेवाळाचे कौतुक करते, कारण ते खरोखर कौतुकाला पात्र आहे. समुद्री शेवाळाला जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, वरून खत घालावे लागत नाही. त्याला पाणी खेचणारी मुळे नसतात. खडकाला धरून राहण्यापुरती पकड असते. खोड उभे ठेवण्यासाठी लाकूड बनवावे लागत नाही, कारण पाणीच त्याला तोलून धरते. आमच्या कापसाला मुळे, खोड, फांद्या यांवर जो खर्च करावा लागतो तो शेवाळाचा वाचतो. अंगाचा जवळजवळ प्रत्येक भाग सूर्यप्रकाश आणि पाण्यात विरघळलेला कार्बन घेऊन अन्न बनवतो. म्हणूनच ही वाढ इतकी वेगवान असते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे राक्षसी केल्प हे शेवाळ अनुकूल दिवसांत रोज साठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात बांबूच्या तराफ्यांवर लावली जाणारी कप्पाफायकस ही लाल शेवाळाची जात ४५ दिवसांत काढणीला येते आणि लावलेल्या बियाण्याच्या साधारण चौपट वजन देते. आमचा कापूस वेचणीला येईपर्यंत तिथे तीन पिके निघतात.

या वेगाने भारावून जाणे स्वाभाविक आहे. पण शोषलेला कार्बन पुढे कुठे जातो, हा प्रश्न इथे सुरू होतो.

शेवाळ थेट हवेतून कार्बन घेत नाही. तो पाण्यातून घेते. पाण्यात जी तूट पडते ती भरून काढायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पाण्यात उतरतो. पाण्याचा तो थर पृष्ठभागावर पुरेसा काळ राहिला तरच ही भरपाई पूर्ण होते. प्रवाहाने तो खाली नेला, तर हवेतला कार्बन तेवढा कमी होत नाही. शिवाय शेवाळाने घेतलेली पोषक द्रव्ये एरवी तिथल्या सूक्ष्म प्लवकांनी घेतली असती आणि त्यांनीही कार्बन शोषलाच असता. म्हणजे शेवाळाने मिळवलेला सगळा कार्बन नवी कमाई धरता येत नाही.

नंतर येतो शेवटचा मुक्काम. शेवाळ माशांनी, गोगलगाईंनी खाल्ले, किनाऱ्यावर कुजले किंवा कापून आपण खाल्ले, तर त्यातला कार्बन काही दिवसांत किंवा महिन्यांत परत निघतो. थोडा भाग तुटून खोल समुद्रात जातो, थोडा गाळात गाडला जातो, थोडा न कुजणाऱ्या विरघळलेल्या रूपात राहतो. एवढाच भाग शेकडो वर्षे दूर राहण्याची शक्यता असते. डॉर्टे क्राउझे-येन्सन आणि कार्लोस दुआर्ते या संशोधकांनी २०१६मध्ये जगभरच्या नैसर्गिक शेवाळांचा अंदाज मांडला. त्यांच्या मते दरवर्षी सुमारे १७.३ कोटी टन कार्बन असा दूर जातो आणि त्यातला बहुतेक खोल समुद्रात पोचतो. आकडा मोठा आहे, पण शेवाळे वर्षभरात जेवढा कार्बन बांधतात त्याचा तो साधारण नववा हिस्सा. बाकीचा परत फिरतो. आणि हा अंदाज खडकांवर आपोआप वाढणाऱ्या, कुणी न कापलेल्या शेवाळाचा आहे. शेतीतले शेवाळ तर आपण विकण्यासाठी कापून नेतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वेगाने वाढणे म्हणजे चालू खात्यात पैसे येणे. संध्याकाळी तेच पैसे दुकानात गेले तर शिल्लक शून्य. हवामानाला उपयोग मुदत ठेवीचा असतो.

आता थोडा हिशेब करते. आपल्या मंत्रालयातले तज्ज्ञ तो तपासू शकतील. ताज्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असते. एक टन ओले शेवाळ वाळवले तर हाती शंभर ते दोनशे किलो येते. शंभर किलो धरू. सुक्या वजनाचा साधारण पाव भाग कार्बन, म्हणजे २५ किलो. कार्बन डायऑक्साइडच्या मापात ते ९० किलोंच्या आसपास जाते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये बाजूला काढले गेले आणि २०२५पर्यंत ११.२ लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले गेले. ते सगळे ओले वजन धरले आणि उद्दिष्ट पुरे झाले असे मानले, तरी त्या शेवाळाने वर्षभरात बांधलेला वायू एक लाख टनांच्या आसपास भरेल. आपला देश कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक लाख टन म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. देश तेवढा वायू वीस मिनिटांच्या आत सोडतो. आणि हे बांधलेले आहे, साठवलेले नाही.

जगाचा हिशेबही याच दिशेला बोट दाखवतो. दुआर्ते आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये मांडले की त्या काळात जगभर होणाऱ्या सगळ्या शेवाळ शेतीतला सगळा कार्बन साठवला असे मानले, तरी तो फार तर २५ लाख टन कार्बन डायऑक्साइडएवढा होईल. शेवाळावर प्रेम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच हा आकडा दिला आहे.

मग शेवाळ निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे. ते काय साठवते यापेक्षा ते कशाची जागा घेते, हे पाहायला हवे. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने याचा धडा घालून दिला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ताजे कप्पाफायकस पिळून त्याचा रस पिकांसाठी वेगळा काढण्याची आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढण्याची एकत्रित पद्धत बसवली. हे कॅराजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत घट्टपणासाठी वापरतात. एकाच पिकातून दोन वस्तू निघाल्या आणि वाळवून पुन्हा भिजवण्याचा खर्च वाचला. दुसऱ्या लाल शेवाळांतून अगार निघते, सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळांतून अल्जिनेट निघते. शेवाळात लाकडाचे लिग्निन नसल्यासारखेच असते, त्यामुळे त्याचा चोथा कुजवून बायोगॅस किंवा आंबवून इथेनॉल बनवणे लाकडाच्या भुशापेक्षा सोपे जाते. उलट त्यात पाणी आणि क्षार इतके असतात की वाळवून बॉयलरमध्ये जाळणे परवडत नाही. म्हणजे शेवाळ हा जैवभार आहे, पण तो चुलीत घालण्याचा नाही, पिंपात घालण्याचा आहे. ॲस्परॅगॉप्सिस नावाचे लाल शेवाळ चाऱ्यात थोडेसे मिसळले तर गुरांच्या ढेकरांतला मिथेन मोठ्या प्रमाणात घटतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तिथे शेवाळ कार्बन साठवत नाही, नवा घातक वायू होऊच देत नाही. हा लाभ कितीतरी खात्रीचा आहे.

आणि या सगळ्याच्या मागे बायका आहेत. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर तराफे बांधणाऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे अडकवणाऱ्या, कंबरभर पाण्यात उभ्या राहून काढणी करणाऱ्या बहुतेक हातांना बचत गटांनी जोडले आहे. त्यांच्या पिकाला कार्बनच्या कागदी भावापेक्षा रसाचा आणि कॅराजीननचा रोख भाव अधिक टिकेल, असे मला मनापासून वाटते.

बाटलीकडे वळते, कारण ती आमच्या घरातली गोष्ट आहे. शेवाळाच्या अर्कात पालाश असते, सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात आणि वाढीला चालना देणारी सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. योग्य वेळी, योग्य मात्रेत फवारणी झाली तर पीक ताण थोडा जास्त सोसते, असे अनुभव आहेत. पण तो युरियाची जागा घेत नाही, डीएपीची घेत नाही. तसे सांगून बाटली विकली जाते तेव्हा नुकसान लहान शेतकऱ्याचे होते. केंद्राने फेब्रुवारी २०२१मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना नियमात आणले. वनस्पतींचे आणि समुद्री शेवाळाचे अर्क त्याच्या पहिल्याच वर्गात आहेत. पाऊल योग्य होते. आता त्या बाटलीवर ‘कार्बन शोषणारे’, ‘पृथ्वी वाचवणारे’ अशी मोघम वाक्ये छापण्याआधी पुरावा मागितला गेला पाहिजे.

धोक्यांचीही आठवण करून देते. कप्पाफायकस आपली मूळ जात नाही. २००८मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ ते तराफ्यांतून सुटून प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. प्रवाळाला झाकून टाकले की त्याला प्रकाश मिळत नाही. पुढे २०१३च्या सुमारास पाणी तापले, रोग आला आणि तिथले पीक कोसळले. किनाऱ्यावरच्या कुटुंबांचे उत्पन्न गेले. म्हणजे ज्या तापमानवाढीवर शेवाळ हा इलाज सांगितला जातो, तीच तापमानवाढ त्याच्या मुळावर येते. अटलांटिक महासागरात २०११पासून सरगॅसमचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला. २०१८मध्ये तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरला होता आणि त्याचे वजन दोन कोटी टनांवर गेले होते. कॅरिबियन किनाऱ्यांवर ढीग कुजून हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी सुटली, मासेमारी अडली, पर्यटन अडले. वाढीचा वेग आटोक्यात नसला तर वरदानाची विपत्ती कशी होते, हे त्या बेटांवरच्या लोकांनी पाहिले आहे.

शेवाळ वाढवून मुद्दाम खोल समुद्रात बुडवायचे आणि त्या बदल्यात कार्बन क्रेडिट विकायचे, अशीही एक कल्पना आहे. अमेरिकेतल्या ‘रनिंग टाइड’ या कंपनीने शेवाळाचा विचार घेऊन सुरुवात केली, नंतर आइसलँडजवळ लाकडाचे तुकडे समुद्रात सोडून क्रेडिट विकली आणि २०२४मध्ये काम बंद केले. समुद्राच्या तळाशी इतका जैवभार कुजला तर तिथला प्राणवायू आणि जीवसृष्टी यांचे काय होईल, हे कळण्याआधीच बाजार उघडला होता. आपल्या समुद्रात असे होऊ देऊ नये.

कोकणाकडे मात्र आशेने पाहावे, असे मला वाटते. रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावर, मालवणच्या आसपास, पावसाळा संपला की सरगॅसम, उल्वा, पडाइना, कॉलर्पा यांची दाट वाढ होते. १९६६मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या शेवाळांचा अनेक दशके अभ्यास केला आहे. विनोद धारगळकर आणि देवानंद कवळेकर यांचे शेवाळ ओळखण्याचे क्षेत्र-मार्गदर्शक पुस्तक २००४मध्ये याच संस्थेतून निघाले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर काय उगवते याचे ज्ञान आहे. अडचणही माहीत आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळतो, नद्यांच्या पुराने पाण्याचा खारेपणा घटतो, तराफे टिकत नाहीत. तिथली शेती सहा-सात महिन्यांचीच राहणार हे मान्य करून आखणी झाली तर ती उभी राहील. तमिळनाडूचा नमुना जसाच्या तसा उचलून आणला तर पहिल्याच पावसाळ्यात मोडेल.

मंत्रिमहोदय, आता समुद्र सोडून आमच्या रानात या.

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. हेक्टरी दोन ते तीन टन, म्हणजे एकरी साधारण एक टन सुका जैवभार. गुलाबी बोंडअळीमुळे त्या शेतात ठेवता येत नाहीत. वेचणीनंतर पीक पुढे राखून फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटून नष्ट करा, असे कृषी विभाग सांगतो आणि ते बरोबरच आहे. पूर्वी त्या चुलीला लागायच्या. आता घरोघरी गॅस आला. मजूर महाग आहे, पऱ्हाटी जागा फार व्यापते, ट्रॉलीत वजन कमी आणि भाडे पूर्ण बसते. जवळ घेणारा कुणी नसतो. म्हणून बांधावर ढीग लावून काडी ओढली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भैंसा-मुधोळच्या पट्ट्यात संध्याकाळी धूर जमिनीलगत लोंबतो. लहान मुले खोकतात, म्हातारी माणसे दार लावून बसतात.

त्या धुरात काय जाते ते मोजू. एक टन सुक्या पऱ्हाट्यांत साधारण ४५० किलो कार्बन असतो. जाळल्या तर दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड एका संध्याकाळी हवेत परततो. वर काजळी आणि विषारी धूर निघतो तो वेगळा. त्याच पऱ्हाट्या हवा कोंडून, योग्य भट्टीत तापवल्या तर बायोचार म्हणजे मातीत घालायचा कोळसा तयार होतो. भट्टी नीट चालली तर मूळ कार्बनपैकी निम्म्याच्या आसपास त्या कोळशात राहतो आणि त्यातला मोठा भाग मातीत शेकडो वर्षे कुजत नाही. एका एकरामागे सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा कार्बन. वरच्या हिशेबाशी ताडून पाहा : आठ-नऊ टन ओल्या शेवाळात जेवढा कार्बन असतो, आणि ज्यातला बराचसा परत जाणार असतो, तेवढा कार्बन मुधोळच्या एका एकरात टिकाऊ रूपात गाडता येतो. त्यासाठी नवे पीक लावायचे नाही, समुद्रात तराफा सोडायचा नाही. जे जळते आहे ते वाचवायचे आहे.

हे स्वप्नरंजन नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे क्रिडाने, कापूस, मका, तूर यांच्या काड्यांपासून बायोचार करण्याच्या लहान, हलवता येणाऱ्या भट्ट्या बनवल्या आहेत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, सिरकॉटने, पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट बनवण्यावर दीर्घ काम केले आहे. औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत जैवभाराचे पेलेट जाळणे २०२१मध्ये केंद्रानेच बंधनकारक केले. बासरला राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, तिथे हजारो ग्रामीण मुले अभियांत्रिकी शिकतात. ज्ञान, यंत्र, कायदा आणि तरुण मने, सगळे आमच्या आवाक्यात आहे. फक्त ते शेताच्या बांधावर एकत्र आलेले नाही.

कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३मध्ये अधिसूचित झाली. पुढे कोणत्या कामाला क्रेडिट द्यायचे आणि कसे मोजायचे, हे ठरत जाणार आहे. म्हणूनच ही चार मागण्यांची वेळ आहे.

पहिली : शेवाळाला वाढीवर किंवा उत्पादनाच्या टनांवर क्रेडिट देऊ नये. कार्बन नेमका किती काळ, कुठे राहतो हे दाखवता आले, किंवा शेवाळाच्या वस्तूने खनिज तेलावरच्या कोणत्या वस्तूची जागा घेतली हे मोजता आले, तरच द्यावे. होडीचे डिझेल, वाळवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च त्यातून वजा करावा. आकडेवारी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

दुसरी : परदेशी जातींआधी आपल्या जातींच्या रोपवाटिकांवर पैसा खर्च व्हावा. प्रवाळ आणि संरक्षित क्षेत्रांच्या जवळ बाहेरची जात लावू नये. कोकणासाठी गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीतले मत्स्य महाविद्यालय यांच्यासोबत पावसाळा गृहीत धरणारा वेगळा आराखडा करावा. किनाऱ्यावरच्या बचत गटांना जागेवर आणि प्रक्रिया केंद्रावर पहिला हक्क मिळावा. पाणी मोठ्या कंपन्यांच्या नावे आणि मजुरी बायकांच्या नावे, असे होऊ नये.

तिसरी : अर्काच्या बाटलीवर कोणत्या जातीचे शेवाळ, किती टक्के, कोणत्या पिकावर तपासलेले, हे मराठी-तेलुगूसह स्थानिक भाषेत ठळक छापलेले असावे. पुराव्याशिवाय पर्यावरणाचा दावा छापण्याला बंदी असावी. कृषी मंत्रालयाशी बोलून आपण हे करू शकता.

चौथी : भैंसा आणि मुधोळ पट्ट्यात येत्या हंगामात पऱ्हाट्यांचा प्रत्यक्ष प्रकल्प घ्यावा. गावगटाला पऱ्हाटी उपटणारे आणि बारीक करणारे यंत्र भाड्याने मिळावे, क्रिडाच्या भट्ट्या द्याव्यात, भट्टी कमी धुराची चालते की नाही हे बासरच्या विद्यार्थ्यांनी मोजावे. तयार कोळसा मातीत गेला की त्याच्या वजनावर आणि त्यातल्या कार्बनवर शेतकऱ्याला थेट खात्यात पैसे मिळावेत. ज्यांना कोळसा करायचा नाही त्यांच्या पऱ्हाट्या पेलेटसाठी वाहून नेण्याचे भाडे तरी मिळावे. जाळण्यापेक्षा न जाळणे स्वस्त पडले की धूर आपोआप थांबेल. दंडाने थांबणार नाही.

या मागण्यांत आमचाही वाटा आहे, तो मी लपवत नाही. काडी आम्हीच ओढतो. धूर आमच्याच मुलांच्या छातीत जातो, आणि मातीतला सेंद्रिय कार्बन घटत चालल्याची तक्रार आम्हीच करतो. मुधोळ, भैंसा, कुबीर, बासर, आणि सीमेपलीकडे धर्माबाद, बिलोली, नायगावच्या शेतकऱ्यांना माझे सांगणे आहे : या वर्षी एका एकराच्या पऱ्हाट्या तरी न जाळता राखा. गावातल्या दोन-चार जणांनी मिळून एक भट्टी मागा. कृषी अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मागणी कागदावर आली की तिला नाही म्हणणे सरकारला जड जाते.

मंत्रिमहोदय, शेवाळ वाढवा, जरूर वाढवा. त्याने किनाऱ्यावरच्या घरांत पैसा येईल, आमच्या पिकांना रस मिळेल, चांगल्या वस्तू बनतील. पण त्याच्या वेगवान वाढीचे चित्र दाखवून कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांना स्वस्तात माफी मिळू देऊ नका. धूर कमी करण्याला कोणतेही रोप पर्याय नाही, जमिनीवरचेही नाही आणि पाण्यातलेही नाही. जो कार्बन खरोखर थांबतो त्यालाच पैसे द्या, मग तो मालवणच्या पाण्यात थांबो की मुधोळच्या काळ्या मातीत. येत्या हंगामातल्या पऱ्हाट्या जळण्याआधी आपले उत्तर यावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
मुधोळची एक कापूस उत्पादक शेतकरी आणि शिक्षिका
मुधोळ, जि. निर्मल (पूर्वीचा आदिलाबाद), तेलंगणा